पन्नीत बांधलेलं औषध

कय्यूमभाईंचं तोंड आता बावीस मिलिमीटर उघडत होतं. दिवाळीत सव्वीस होतं. निशात ते स्टीलच्या पट्टीनं मोजायची, वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत, आणि वहीत तारखेसह लिहायची. उजव्या गालाच्या आत मसुराएवढा पांढरा चट्टा होता. या महिन्यात त्याची कड लाल झाली होती.

"झालं मोजून? सर आता बाजूले, गिऱ्हाईक आलं."

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोरचा हा पानठेला. घरात हिंदी आणि ठेल्यावर मराठी, असा बापलेकीचा जुना शिरस्ता. खर्रा घोटावा तो कय्यूमभाईंनीच, असं पार आरमोरीची माणसंही म्हणत. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून ते पाटीवर असं घासत की पन्नी गरम व्हायची. मग चिमूटभर जिभेवर ठेवून चुना बेताचा आहे ना ते बघायचे. तीस वर्षं, दर घोटणीला. वर छातीवर हात ठेवून सांगायचे, "मी खर्रा खात नाई. चाखतो फक्त."

नागपूरच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वीच गालाचा तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. तीन तारखा कय्यूमभाईंनी चुकवल्या. चौथी येत्या सोमवारी होती.

"काय कय्यूमभाऊ," राईस मिलचा पोचू फळीला टेकत म्हणाला, "पोरगी कॅन्सरचं औषध शोधाले चालली, अन् बाप कॅन्सर इकते!"

"मंग? पोरीचा धंदा चालाले नको काय?"

पोचू खो खो हसला. निशात हसली नाही. तिला हैदराबादला पीएच.डी.ची जागा मिळाली होती. येते की नाही, ते विचारायला मार्गदर्शक मॅडम आज बारा वाजता ठेल्यावरच्या लँडलाइनवर फोन करणार होत्या. नाही म्हटलं, की जागा पुढच्या मुलीला.

तिचं संशोधन असं: कॅन्सरच्या पेशीत एक जनुक पोचवायचं, चरबीच्या अतिसूक्ष्म वेष्टनात गुंडाळून. तिनं हे समजावलं तेव्हा अब्बा लगेच म्हणाले होते, "म्हंजे पन्नीत खर्रा. पन पन्नी कुठी खोलाची, ते पन्नीले कसं समजते?" इतका नेमका प्रश्न तिला मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. पुढे मात्र ते म्हणाले, "पाच वर्सं न? थांबतो मी. पयली पन्नी मलेच देजो." ते थट्टा करत नव्हते, हे तिला तिसरी तारीख चुकल्यावर कळलं. तिचा होकार तिथेच अडकला होता.

बाराला पाच कमी.

"अब्बा, पाच वर्सांत मी औषध आननार नाई."

घासणारे हात मंदावले.

"आधी काचेच्या ताटलीतल्या पेशी. मंग उंदीर. मानसापर्यंत कधी पोचंल, कोनालेच मालूम नाई. पन्नी काऊन खुलत नाई, एवढंच मी शोधनार."

"मंग जाऊन राह्यली काऊन?"

"तुमच्यासाठी नाई जात. तुमच्यासाठी नागपूर आहे. तुमी सोमवारी आले, तर मी मंगळवारी हैदराबादले जाईन. नाई येत म्हनलं, तर आत्ताच फोनवर नाई सांगते."

कय्यूमभाईंनी पोचूकडे पाहिलं. पोचू बसच्या पाट्या वाचू लागला.

"तुकडा कापला का ते पसरते, बेटा," त्यांचा आवाज खाली आला. "शेजारच्या रुखमाबाईच्या भावाचं पाह्यलं मी. कापलं, अन् दोन महिन्यांत गेला."

एवढ्यासाठी आठ महिने! आणि ती समजत होती, ते फक्त तिच्या औषधासाठी थांबलेत.

"ते कापल्यानं नाई गेले, अब्बा. दवाखान्यात पोचले तवाच गाठ गाल फोडून बाहेर आली होती."

फोन वाजला.

निशातनं रिसीव्हरवर हात ठेवला, उचलला नाही. दुसरी घंटी. तिसरी.

"उचल न वो बाई," पोचू कळवळून म्हणाला.

चौथी. पाचवी. तिच्या तळव्याखाली फोन थरथरत होता. मॅडम किती वेळ थांबतील, तिला माहीत नव्हतं.

कय्यूमभाईंनी पन्नी खाली ठेवली. हात रुमालाला पुसले, एकेक बोट.

"येतो," ते म्हणाले. "सोमवारी, पयल्या बसनं. कापू दे त्याईले."