रिकामं जातं

त्या वर्षी गावाची वेस चालत माझ्या घराकडं निघाली.

मी गावाबाहेर राहत होते, माळाच्या तोंडाशी. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं, पिराजीनं, मला एक खोली देऊ केली होती. खोलीला खिडकी होती, पण ती त्याच्या ओसरीत उघडायची. मी नको म्हटलं. माळाच्या कडेला आमचा एक पडीक तुकडा होता, ज्याच्यासाठी कुणी भांडलं नसतं असा. तिथं मी दगडमातीच्या भिंती उभ्या केल्या, वर पाचट घातलं आणि दाराशी जातं मांडलं. माझ्यापलीकडं घर नव्हतं. माळ कुठल्याच गावचा नव्हता. मेंढरं घेऊन, गाढवं घेऊन माणसं त्याच्यावरून जायची, माझ्याकडं जोंधळा टाकायची, पीठ घेऊन जायची. दळणातला माझा वाटा मी काढून घेत असे. त्यात माझं पोट भरत होतं आणि दोन शेरडांचंही.

वेस काळ्या दगडाची होती. दोन बाजूंना दोन बुरूज, मध्ये खिळे मारलेलं सागवानी दार. एके दिवशी शेरडांमागं फिरताना पाहिलं, तर तिची सावली कधी नव्हे ती बाभळीवर पडली होती. दार उघडण्या-लावण्याचं काम पिराजीकडं होतं. मी त्याला जाऊन विचारलं.

"भाऊजी, वेस हलली का?"

"हलली की." तो अडसराला तेल लावत होता. "गावात कुणी तुमचं नाव घेतलं की एक पाऊल टाकती."

"मग नाव घेऊ नका."

"वहिनी, दुसरं बोलायला हाय काय गावात? औंदा पीकबी न्हाई."

मी परत आले. मागं वेशीचा पाय उचलल्याचा आवाज आला. कुणीतरी बोललं असणार.

बोलायला त्यांना हैबती मिळाला होता.

हैबती जात्याला टाकी लावत फिरायचा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता घरंगळतो. मग त्याला छिन्नीनं परत दात पाडावे लागतात. ते त्याचं काम. एक गाढव, एक हातोडी, गोणपाटात गुंडाळलेल्या छिन्न्या. त्याच्या लोकांचा एक नेम होता: वेशीच्या आत निजायचं नाही. निजलं तर माणूस सकाळी उठतो, पण त्याची सावली उठत नाही. हैबतीचा बाप एकदा तापानं फणफणून एका गावात निजला होता. त्याची सावली अजून तिथल्या एका भिंतीवर आहे. त्या घरच्या बायका तिच्या खांद्यावर मिरच्यांच्या माळा वाळत घालतात. बाप मात्र उन्हात उभा राहीनासा झाला आणि थोड्याच दिवसांत कुठं गेला ते कळलं नाही. हैबती त्या वाटेनं गेला की भिंतीपुढं उभा राहून सावलीला तंबाखू द्यायचा.

"घेती का?" मी विचारलं.

"हात पुढं करती. घेत न्हाई."

तो वर्षातून एकदा यायचा. टाकी लावायचा, पहिलं पीठ टाकून द्यायला सांगायचा, कारण त्यात दगडाची कच असते, आणि निघून जायचा. मग एका वर्षी तो जाताना गाढवाला म्हणाला, "चल रं, न्हाईतर मी बसलो हितंच." गाढवाला म्हणाला, पण ऐकवलं मला.

तो दिसेनासा झाल्यावर मी जात्यापाशी बसले आणि ते रिकामंच फिरवलं.

रिकामं जातं फिरवू नये म्हणतात. मला त्याचे दात झिजवायचे होते. दात झिजले असते तर टाकी लावावी लागली असती, आणि टाकी लावायला दुसरं कोण येणार? मी दाराकडं, माळाकडं तोंड करून बसले होते. जातं गरगरत होतं, आणि थोड्या वेळानं त्याच्या कडेनं तांबडी धूळ पडायला लागली. जोंधळा तर मी घातलाच नव्हता. धुळीत बैलाच्या खुराचा एक ठसा होता आणि अर्धी विडी.

हैबती दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"मी नदीपल्याड होतो," तो म्हणाला. "झाडाखाली पाठ टेकली. डोळं उघडलं तर तुझा उंबरा. मधली वाट गेली कुठं?"

मी परात पुढं केली. त्यानं धूळ चिमटीत घेतली, हुंगली. मग वरची तळी उचलून दगडावरून अंगठा फिरवला.

"रिकामं फिरवलंस."

"हं."

"रिकामं जातं, दळणारी जिकडं बघती तिकडचं दळतं."

"मग तिकडंच बघत होते मी."

तो हसला नाही. त्यानं छिन्नी काढली आणि टाकी लावायला घेतली, पण इतकी सावकाश, की एका जात्याला त्याला आठवडा लागला. त्यानंतर मला वाटेल तेव्हा मी त्याची वाट दळत असे. कधी परातीत वाळू पडायची, कधी चिंचेचा पाला. तो कुरकुरायचा. "दोन गावं बुडवलीस माझी. तितली जाती तशीच ऱ्हायली." पण अंग धुऊन, डोक्याला तेल लावून यायचा. माळावर उभा राहून मोठ्यानं हाक मारायचा, "अंजिरा!" माळावर घेतलेलं नाव वेशीला ऐकू जात नव्हतं, म्हणून तो ते पोटभर घ्यायचा.

गावानं माझी अब्रू वेशीवर टांगली. मी जाऊन पाहिली. जुन्या लुगड्याच्या पदराएवढी होती, मध्ये एक ठिगळ, ते मीच कधीतरी लावलेलं. कापड अजून बरं होतं. मी ती उतरवून घरी आणली, धुतली आणि चुलीपाशी फडकं म्हणून ठेवली. त्या दिवशी वेस चांगली पंधरा-वीस पावलं आली.

"चल माझ्याबरुबर," हैबती म्हणाला. "जातं गाढवावर घालू."

"आन् घर?"

"घर कशाला पायजे?"

"मग तू परत कुठं येशील?"

तो छिन्न्या गोणपाटात गुंडाळायला लागला. मी म्हटलं, "तूच ऱ्हा की हितं."

"ऱ्हायलो तर तू जातं कुणासाठी फिरवशील?"

दोघं हसलो, आणि तो विषय तिथंच राहिला. आम्हाला काय हवं ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं जावं, यावं; मी असावं; आणि मध्ये कुणाचं दार नसावं.

वेस जवळ येत गेली. आधी तिच्यावरची पारवी माझ्या अंगणात दाणे टिपायला आली. मग तिच्या दगडांचा गार वास घरात यायला लागला. हैबती त्या वेळी माझ्याकडं होता, सकाळीच जात्याला टाकी लावून झाली होती, आणि दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना वेस घरावरून गेली. एक बुरूज शेरडांच्या बाजूनं गेला, दुसरा चुलीच्या बाजूनं. कमान पाचटाला घासली. चार काड्या ताकात पडल्या, त्या मी काढल्या. वेस दारापुढं माळाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मागून गावकूस आलं आणि दोन्हीकडून वळून तिला मिळालं. माळ आता फक्त वेशीच्या दारातून दिसत होता, उभ्या घडीच्या चादरीएवढा.

दारात पिराजी उभा होता.

"वहिनी, आलात. बरं झालं."

"मी कुठं आले? माझं घर होतं तिथंच हाय."

"आता ते गावात हाय." त्यानं हैबतीकडं पाहिलं. "दिवेलागणीला दार लावणार. पाव्हण्यानं त्याच्या आत निघावं. न्हाईतर नीज म्हणावं हितंच, आमची काय ना न्हाई. एक भिंत रिकामी हाय."

वेशीपाशी जमलेली माणसं हसली. मी घरात वळले तर चुलीमागच्या भिंतीला खिडकी आली होती. ती पिराजीच्या ओसरीत उघडत होती. ओसरीत जाऊबाई डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"जेवलात का?"

"जेवलो," मी म्हटलं.

"तोबी?"

"तोबी."

त्या परत डाळ निवडू लागल्या. घर लहान होत होतं. सकाळी चूल आणि जातं यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपू शकत होता. आता फक्त बसू शकला असता. हैबती उठून गाढवाकडं जायला लागला तेव्हा त्याचा पाय आधी उचलला गेला आणि सावलीचा पाय मागून, ओल्या कपड्यासारखा, चिकट आवाज करत.

आम्ही दोघांनीही तो आवाज ऐकला.

"निघ तू," मी म्हटलं.

"आन् मग?"

"मग काय? दार लागंल."

"मंजी परत यायचं न्हाई."

"न्हाई."

तो वेशीकडं बघत राहिला. माळावरचं ऊन पिवळं झालं होतं. पिराजीनं एक फळी लोटून घेतली. दुसरी हाताशी धरून तो उभा राहिला.

मी जातं उचलून दाराच्या मधोमध आणलं. एकटीनं. वेशीकडं तोंड करून दोघांना बसता येईल असं मांडलं.

"बस," मी हैबतीला म्हटलं.

"कुठं?"

"माझ्याशेजारी. खुंट्याला हात लाव."

"टाकी लावणाऱ्यानं दळायचं नसतं, अंजिरा. हात जड होतो."

"तुझा बा कुठं दळत होता? तरी त्याच्या खांद्यावर मिरच्या हायतच की."

तो बसला. त्यानं आयुष्यात हजारो जात्यांना दात पाडले होते, पण खुंटा धरला नव्हता. माझ्या मुठीवर त्यानं मूठ ठेवली. वेशीपाशी एकच हशा झाला.

"अरं बघा बघा, बाप्या दळाया बसला!" पिराजी ओरडला. "पाव्हणं, ओवी येती का? का वहिनी शिकवणार?"

हैबतीचे कान तांबडे झाले. हात मात्र त्यानं काढला नाही.

आम्ही रिकामं जातं फिरवलं. मी वेशीकडं बघत होते, तोही बघत होता. दगडावर दगड घासून ठिणग्या उडाल्या, पण काही पडलं नाही. वेस अंगणापलीकडं उभी होती, नुसती, दूध न देणाऱ्या म्हशीसारखी. ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेलं. हैबतीची सावली मागच्या भिंतीवर पडली होती आणि तिच्या कडा मातीत मुरत होत्या.

तेव्हा मला आठवलं की माझं घर आता गावात आहे. म्हणजे मी इथं घेतलेलं नाव गावातच घेतलं गेलं असतं.

"अंजिरा," मी म्हटलं.

वेस वळली आणि एक पाऊल माझ्याकडं आली. जात्याच्या कडेनं पहिलं पीठ पडलं. काळं होतं, गार होतं.

हशा थांबला.

"अंजिरा," मी म्हटलं. पारवी उडाली. एका बुरुजाचा वरचा थर गेला. परातीत खिळ्यांचा गंजट भुगा पडला.

"वहिनी!" पिराजीनं फळी घट्ट धरली. "नाव घेऊ नका!"

"भाऊजी, दुसरं बोलायला हाय काय गावात?"

हैबती खुंटा ओढत होता. त्याचे हात खरंच जड झाले होते, आणि ते बरंच झालं, जातं जोरानं फिरत होतं. आता तोही म्हणायला लागला, माळावर म्हणायचा तसा पोटभर. "अंजिरा! अंजिरा!" वेस पावलामागून पाऊल टाकत आली. कमान गेली. माणसं मागं सरली. पिराजी सरला नाही. दाराचा माणूस दार सोडत नाही. त्यानं अडसर छातीशी धरला आणि दाराबरोबर तो येत राहिला, उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्याच्या आत. मग तो दिसला नाही.

परात भरली. पाटी भरली. बाहेर धुरळा होता, त्यामागं माळ आहे की नाही ते कळत नव्हतं. खिडकीतून जाऊबाईंनी विचारलं, "झालं का दळण?"

"थोडं ऱ्हायलंय."

हैबतीनं मागं वळून भिंतीकडं पाहिलं. सावली उठून बसली होती, पण तिचा एक पाय अजून भिंतीत होता.

"भूक लागली," तो म्हणाला.

पहिलं पीठ खायचं नसतं, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी काळं पीठ काठवटीत घेतलं, पाणी घातलं, मळलं. चुलीत फुंकर मारली. भाकरी थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि जाळाला लावली. ती टम्म फुगली. मी अब्रूचं फडकं घेऊन तिला हलकेच दाबलं, आणि भाकरीच्या आतून पिराजीचा आवाज आला.

"वहिनी, दार उघडा."

हैबतीनं ताट पुढं सरकवलं.