अप्पांचं निदान

मैलूरच्या माणिकप्पांना इंजिनाचं दुखणं नुसत्या कानानं कळतं, असं बीदरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सगळे अडते मानत. सगळ्यांना ते खुद्द माणिकप्पांनीच सांगितलं होतं.

म्हणून त्यांच्याच कारला नवा डायनामो बसल्यावर बॉनेटखालून चिमणीसारखी चीं चीं सुरू झाली, तेव्हा निदानाला वेळ लागला नाही. कोळारच्या अनिलकुमारनं जुना माल रंगवून बसवला! हे निदान अप्पांनी गंजात दुकानोदुकानी वाटलं, तेही फुकट. बीदरबाहेर कोळारला असलेलं अनिलकुमारचं गॅरेज नवं, गंजातल्या गाड्यांवर चालणारं. त्या गाड्या तिकडं वळायच्या बंद झाल्या आणि त्याला पाने-पकडी पुसत बसण्याशिवाय काम उरलं नाही.

अखेर तो स्वतःच अप्पांच्या दारात आला.

"अप्पा, एकडाव गाडी बघू द्या. माझी चूक निघाली तर गॅरेजला कुलूप लावतो."

"बघ की. आवाज साऱ्या मैलूरला ऐकू यायलाय," अप्पा म्हणाले आणि अंगणात खुर्ची टाकून बसले. दुसऱ्याची फजिती उभ्यानं कामून बघायची?

अप्पांच्या पत्नी शांतम्मा तांब्याभर पाणी घेऊन आल्या. अनिलकुमारनं ते प्यायचं सोडून चालू इंजिनाच्या पट्ट्यावर शिंपडलं. चीं चीं थांबली. पट्टा वाळला तशी पुन्हा सुरू झाली.

"पट्टा ढिला असता तर पाण्यानं आवाज वाढला असता. ह्यो थांबला. म्हंजी पट्टा वाकडा पळायलाय."

इंजिन बंद करून त्यानं पुल्यांवर लोखंडी पट्टी आडवी धरली. डायनामोची पुली जराशी पुढं आली होती. त्यानं बोल्ट खोलला, तर डायनामोच्या मागून भोकाचा तांब्याचा पैसा फरशीवर पडला.

शांतम्मांनी तो उचलला. "अय्यो, ह्यो तर आपल्या देवघरातला!"

अप्पा आकाशाकडे बघू लागले. नव्या दाराच्या चौकटीखाली शुभ म्हणून पैसा ठेवतात, मग नव्या डायनामोनंच काय घोडं मारलं होतं? डायनामो बसवायच्या दिवशी अनिलकुमार मधेच चहा सांगायला गेला, तेवढ्यात अप्पांनी पैसा बोल्टात ओवला होता. शुभाच्या वस्तूवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

पैसा काढल्यावर इंजिन मुकाट चालू लागलं. अनिलकुमार भांडला नाही, तेच अप्पांना जास्त झोंबलं.

"अप्पा, मला दुसरं काई नको. गंजात जेवढ्या मोठ्यानं ते सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं हे सांगा."

अप्पांना लाज वाटली, अगदी खरीच वाटली. दुसऱ्या दिवशी ते गंजाच्या मधोमध उभे राहिले. "अनिलकुमारची चूक न्हाई! डायनामोमागं पैसा म्या घातला व्हता. आवाज माझ्यामुळं व्हता!"

मग राघोबा अडत्यानं हात जोडले. "बघा, ह्याला म्हंतेत मोठं मन! त्या पोराचं पोट चालावं म्हणून त्याची चूक अप्पा सोताच्या अंगावर घ्यायलेत."

"आरं, न्हाई रं..." अप्पा म्हणाले. पण कुणी त्यांच्या हातात चहा दिला, कुणी गादीवर जागा करून दिली. पुन्हा एकदा ओरडून सांगायला हवं होतं. तिकडं राघोबा शेजारच्या दुकानात सांगत होता, की अप्पांसारखा माणूस अख्ख्या गंजात दुसरा न्हाई.

अप्पा गादीवर टेकले. चहा चांगला गोड होता. कोळारकडे त्या दिवशीही कुणाची गाडी वळली नाही.