शालूतली दुमड

वैशाखात सांगलीच्या कापडपेठेतल्या दुकानदारांना जेवायला फुरसत नसते. बस्ते येत राहतात. यष्टीतून, बैलगाडीतून दहा-पंधरा माणसं उतरतात, चपला पायरीखाली काढतात, पांढऱ्या गाद्यांवर ऐसपैस बसतात, आणि दोन्ही घरच्या लग्नाची सगळी कापडं, नवरीच्या शालूपासून परटाच्या पटक्यापर्यंत, एकाच बैठकीत निवडून गाठोड्यात बांधून नेतात. नवरीचा शालू आधी ठरतो. त्याला हळदकुंकू लागतं, आणि मगच बाकीच्या कापडाला हात लावायचा, असा रिवाज आहे.

बाळगोंडांच्या दुकानात त्या दिवशी साडेनवाला येऊन बसलेला बस्ता साडेबारा वाजले तरी बांधून झाला नव्हता, कारण शालूच ठरत नव्हता.

लग्नं दोन होती. म्हसवडच्या पलीकडच्या वाडीवरचे हिंदुराव आणि पारूबाई. त्यांचा मुलगा अर्जुना माधवनगरच्या गिरणीत लागलेला, त्याला सांगलीजवळच्या लालासाहेबांची धोंडू करून घ्यायची होती. आणि लालासाहेबांचा पलटणीतला मुलगा नाथाजी, त्याला हिंदुरावांची हरणा द्यायची होती. मुलगी घ्यायची, मुलगी द्यायची. याला साटंलोटं म्हणतात. हुंडा नाही, मानपान नाही, दोन्ही लग्नं एकाच मांडवात. ऐकायला किती सोयीचं वाटतं. अर्जुना बावीस वर्षांचा आणि धोंडू एकोणीसची, त्यात कुणी नाव ठेवावं असं काही नव्हतं. नाथाजी सव्वीस वर्षांचा होता. हरणाला बारावं पुरं व्हायला अजून दोन महिने होते.

नाथाजीची सुट्टी पुनवेपर्यंत होती. लढाई थांबून आठच महिने झाले होते, पुढची सुट्टी केव्हा मिळेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. त्यातून पलटणीच्या कचेरीत जोडप्याचा फोटो द्यावा लागतो, असं कुणीतरी लालासाहेबांच्या बायकोच्या, आक्काताईंच्या, कानावर घातलं होतं. कायद्याचं तर होतंच. पंधराच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर दंड होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शालू असा हवा होता, की ज्यात हरणा सोळाची दिसेल.

पारूबाईंना तसा शालू सापडायला नको होता.

भटजींनी बस्त्याला हाच दिवस दिला होता. दुपारी दोनपर्यंत शालूला कुंकू लागलं नाही, तर पुढचा दिवस पुनवेनंतरचा. तेवढ्या एका आशेवर ही बाई सकाळपासून गादीच्या कडेला बसली होती. उघड नाही म्हणायची सोय नव्हती. तिचं स्वतःचं लग्नही साट्यालोट्याचंच. हिंदुरावांची बहीण तिच्या भावाच्या घरात नांदत होती. माघात पारूबाईंनी एकदाच तोंड उघडलं होतं, पोरीला अजून न्हाण आलं नाही, एवढंच म्हणाल्या होत्या. तेव्हा हिंदुराव भाकरी मोडता मोडता शांतपणे म्हणाले होते, "मग उद्या भनीला माघारी घिऊन येतो." भावाचं चार लेकरांचं घर त्या एका वाक्यावर टांगलं गेलं. त्यानंतर पारूबाईंनी नाही म्हटलं नाही. त्या फक्त लुगडी नापसंत करत राहिल्या.

हिरव्याचा रंग फिका होता. डाळिंबीचा काठ उसवेल असं वाटत होतं. जांभळ्याला वास येत होता. बाळगोंडांचा नोकर घड्या मोडून मोडून थकला. लालासाहेब सुपारी कातरत हसले आणि म्हणाले, "ईनबाई, पोर इंद्राच्या दरबारात न्हाई धाडायची. आमच्या वाडीवर यायची हाय."

"एकदाच व्हतंय लगीन," पारूबाई खाली बघत म्हणाल्या. "ह्येचा पन्हा मोठा हाय. पायात यील पोरीच्या. दुसरं दावा."

पन्ह्याची तक्रार मात्र खरी होती, आणि तिला उत्तर नव्हतं. प्रत्येक लुगडं हरणापेक्षा वीतभर उंच होतं.

नेसवून बघायचं काम राजमतीकडं असायचं. राजमती बाळगोंडांची सून. इंटरपर्यंत शिकलेली. दुकानाच्या मागच्या खोलीत मोठा आरसा होता, शिवणाचं यंत्र होतं, आणि कोपऱ्यात तिच्या दीड वर्षाच्या चंदनबालाची झोळी. मुलीला आठवडाभर डांग्या खोकला होता. राजमती गिऱ्हाइकांना नेसवता नेसवता कान झोळीकडं ठेवायची. श्वासात जरा घरघर वाटली की हातातली निरी सुटायची.

आक्काताईंबरोबर हरणा आत आली तेव्हा राजमतीनं आधी तिच्या तोंडाकडं पाहिलं. वरचा एक सुळा हिरडीतून अर्धाच बाहेर आला होता. मनगटं लाकडी पट्टीसारखी. राजमतीनं आक्काताईंना वय विचारलं.

"सोळा सरलं," आक्काताई म्हणाल्या. "आंगानं बारीक हाय जरा. आमच्याकडं आली की भरंल."

फळीवर लहान मुलींच्या चिरड्या होत्या, परकऱ्या पोरींसाठी विणलेली छोटी लुगडी. राजमतीनं मुद्दाम त्यातलीच एक काढली, पोपटी रंगाची, आणि गुंडाळली. ती हरणाला अशी बसली की जणू मापानं केली होती. हरणा आरशासमोर गिरकी घेऊन म्हणाली, ही शाळेत झेंडावंदनाला घालता येईल का. आक्काताईंनी पदर धरून ती सोडवली. ह्यात तर शेंबडी पोर दिसती, म्हणाल्या, आणि बाहेरून आणखी एक जड लुगडं मागवलं.

ते नेसून हरणा सगळ्यांना दाखवायला निघाली आणि उंबऱ्यात पाय अडकून तोंडावर पडली. गादीवरच्या बायका हसल्या. हिंदुराव ओरडले, की चालता येत नाही का धड. पोरगी रडली नाही. उठून दोन्ही हातांनी निऱ्या वर धरून तशीच उभी राहिली. पारूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र त्या क्षणी एक सुटल्यासारखा भाव आला. घड्याळात सव्वा वाजला होता.

तो भाव राजमतीच्या नजरेतून निसटला. तिला दिसली ती एक पडलेली मुलगी. तिला वाटलं, लग्न तर हे लोक लावणारच. आपण कोण थांबवणार? निदान मांडवात तरी ही अशी पडू नये, चारचौघांत हसू होऊ नये. हा विचार अंतःकरणातून आला होता, आणि असे विचार आपण तपासून बघत नाही.

तिनं हरणाला आत नेलं. बाळगोंडांनी ठेवणीतला मोतिया रंगाचा शालू दिला होता. राजमतीनं त्याला कमरेच्या बाजूनं वीतभर दुमड घातली, आतून बारीक धावदोरा घातला, वरून कळू नये म्हणून निऱ्यांचा चुण्यांशी मेळ घातला. खणाची चोळी गळत होती, पोरगी सारखी ती वर ओढत होती. म्हणून तिला आतून दुहेरी अस्तर लावून कापसाचा पातळ थर भरला. अर्ध्या तासाचं काम. शेवटी पदर खांद्यावरून घेऊन डोक्यावर दिला आणि ती बाजूला झाली.

आरशात एक बाई उभी होती. हरणा स्वतःच दचकून मागं सरली.

ती बाहेर आली, चार पावलं चालली, आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. आक्काताई पुढं झाल्या. "आता दिसती बघा नांदायजोगी." पारूबाई काही बोलणार, तोवर आक्काताईंनी शालूच्या काठाला कुंकू लावलंही. दोनला दहा मिनिटं कमी होती. बाळगोंडांनी सुनेकडं कौतुकानं पाहिलं आणि नोकराला पेढे आणायला पिटाळलं.

शालू उतरवायला पारूबाई लेकीबरोबर आत आल्या. घडी घालता घालता दुमडीवरून बोट फिरवलं.

"लय नामी टाका हाय, बाई."

राजमती हसली. मुलीला आता चालायला जड जाणार नाही, असं काहीसं म्हणाली.

"सकाळधरनं चौदा लुगडी परत लावली म्या," पारूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "अजून घटकाभर तग धरला असता तर म्हूर्त टळला असता. नाथाजी गेला असता पलटनीत. बारावंबी सरलं न्हाई तिचं. वरीस-दीड वरीस तर मिळालं असतं पोरीला. तुमी कशाला मदी आलासा?"

झोळीत चंदनबाला खोकली. राजमतीला तिच्याकडं जाता येईना. पारूबाई पुढं होऊन झोळीला झोका देत राहिल्या, खोकला थांबेपर्यंत. मग लेकीला घेऊन बाहेर गेल्या.

राजमतीनं दोन दिवस धड अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तालुक्याच्या कचेरीला अर्ज लिहिला. मुलीचं नाव, गाव, लग्नाची तारीख, मुलीचं खरं वय. नवरा नेमिनाथ म्हणाला, "आपलं दुकान आहे, राजमती. आज एकाची तक्रार केली, तर उद्या कुणाचा बस्ता येणार?" ती म्हणाली, तुम्हालाही मुलगी आहे. नेमिनाथनं हिशेबाची वही मिटली. मग अर्ज खिशात घालून स्वतः पेटीत टाकून आला. बाळगोंडांना दोघांनीही सांगितलं नाही.

अर्ज वाया गेला नाही. हळदीच्या दिवशी एक कारकून सायकलवरून लालासाहेबांच्या दारी आला, गावच्या पाटलाला बरोबर घेऊन. मांडवात धोंडू आणि हरणा पाटांवर शेजारी शेजारी बसायच्या होत्या. कारकुनाची सायकल दिसताच आक्काताईंनी हरणाला आत नेलं आणि शालू नेसवून बाहेर आणलं.

कारकुनानं वय विचारलं. हिंदुरावांनी सोळा सांगितलं. शाळेचा दाखला मागितला, तर पोर शाळेत गेलीच नाही म्हणाले. मग कारकून पारूबाईंकडं वळला आणि म्हणाला, आईला माहीत असतं, तुम्ही सांगा बाई.

पारूबाईंचं तोंड उघडलं. समोर हळदीनं माखलेली धोंडू बसली होती, एकोणीस वर्षांची, हात मांडीवर घट्ट धरून. एक मांडव मोडला की दुसराही मोडतो, आणि मांडवातून उठलेल्या मुलीला पुन्हा कुणी विचारत नाही, हे धोंडूला कळत होतं. ती नुसती पारूबाईंकडं बघत राहिली. मागं खांबाला टेकून पारूबाईंचा भाऊ उभा होता, त्याच्या कडेला धाकटं लेकरू.

पारूबाईंनी तोंड मिटलं.

पाटील कारकुनाला म्हणाला, "आवं, दिसतंय की. हिच्यायेवढ्या बायकांना माज्या गावात दोन-दोन लेकरं हायती." कारकुनानं हरणाला इकडून तिकडं चालायला सांगितलं. ती चालली, न अडखळता. कारकून जेवून गेला.

महिन्याभरानं राजमतीला उत्तर आलं. प्रत्यक्ष पाहणी केली असता वधू पूर्ण वाढीची दिसून आली, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. कागद तिनं तीनदा वाचला. प्रत्यक्ष पाहणीत काय दिसलं असेल, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दिवाळीला अर्जुना बायकोसाठी खण घ्यायला दुकानात आला. राजमतीनं बहिणीची चौकशी केली. तो खणाची नक्षी बघत राहिला. म्हणाला, बरी आहे. मग मान वर न करता म्हणाला, "दोनदा पळून आली, वैनी. दोनीदा मीच पोचती केली. तिला ठिवून घेतली तर माजी नेतील ना." खण बांधून घेतला आणि गेला.

पुढच्या वैशाखात दुकान पुन्हा भरलं. एक दिवस जतकडचा बस्ता आला. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं टेकतानाच बाळगोंडांना विचारलं, "बारक्या पोरीला लुगडं बसवून देत्यात, त्या बाई इथंच हायत्या न्हवं? आमाला समद्यांनी ह्योच पत्ता दिला."

बाळगोंडांनी अभिमानानं सुनेला हाक मारली. राजमती बाहेर आली. बायकांच्या मधोमध एक मुलगी बसली होती. दहा-अकराची असेल. गुळाचा खडा चोखत रस्त्यावरच्या टांग्यांकडं बघत होती.

राजमतीनं फळीवरची चिरडी काढून गादीवर ठेवली.

"हिच्या मापाचं दुकानात एवढंच आहे," ती म्हणाली. "दुसरं मी शिवून देणार नाही. आजपासून कुणालाच देणार नाही."

बाळगोंडा सुनेशी परक्या नोकराशी बोलावं तसं बोलले. गिऱ्हाइकांची माफी मागितली आणि तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली. शिकल्यालीचा तोरा हाय, म्हणाली, आणि सगळी माणसं पायरीखालच्या चपला शोधून घालू लागली. मुलीनं चिरडीच्या काठावरून एकदा बोट फिरवलं. कुणीतरी तिचा हात धरून ओढलं.

ते लांब गेले नाहीत. समोरच्याच दुकानात चढले. तिथं गेल्या दिवाळीपासून बायकांच्या बाजूला एक शिंपी बसवला होता. राजमती उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तासाभरानं त्या दुकानातल्या आरशासमोर पदर डोक्यावर घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. कुणीतरी तिला चालून दाखवायला सांगितलं असावं. ती आरशापासून दारापर्यंत आली आणि वळून परत गेली.

कुठंही अडखळली नाही.