अडतीस मंडळ्यांत वाटलेली सतरंजी

मी उमरीच्या चर्चमधली सतरंजी बोलतेय. सतरंजी म्हणावं इतकी मी उरलेय का, याची मलाच शंका आहे. पण दुसरं नाव माझ्याकडे नाही.

केरबांनी लातूरच्या बाजारातून मला खांद्यावर आणलं, तेव्हा मी वीस हात लांब होते. चर्चची इमारत तेव्हा नव्हती. केरबांच्या ओसरीत दर रविवारी सात माणसं प्रार्थनेला जमत. त्यांच्या पत्नी गुणाबाई हसल्या, "एवढी लांब कशापायी? गावजेवण घालायचंय का?"

पण ओसरी भरत गेली. एका रविवारी हदगावची दोन कुटुंबं म्हणाली, आता आम्ही आमच्याच गावी जमू. निघताना त्यांना द्यायला काही नव्हतं. केरबांनी कात्री घेतली आणि माझा दोन हात तुकडा कापून दिला. गुणाबाईंनी कडा शिवल्या. मला दुखलं, असं म्हणणं सोपं आहे. खरं काय वाटलं ते नीट आठवत नाही.

मग तो रिवाजच पडला. नवी मंडळी, म्हणजे प्रार्थनेला जमणारा गट, उभी राहिली की उमरीचा तुकडा जायचा. नांदेड, विष्णुपुरी, लातूर, उदगीर. आधी हातभर, मग वीतभर, पुढे चार बोटंच. केरबा गेले, चर्च उभं राहिलं, खुर्च्या आल्या. हळूहळू दोन जिल्ह्यांत सदतीस मंडळ्या झाल्या आणि मी एका माणसापुरती उरले. ते माणूस म्हणजे गुणाबाई. ऐंशीच्या वयातही त्या माझ्यावरच मांडी घालत.

माझ्या बाकीच्या तुकड्यांची खबर चर्चचे पाळक रविकिरण सांगत. एक काचेत आहे, एक कपाटात, एकाला हार घालतात. बसत कुणीच नाही.

गेल्या महिन्यात देगलूरकडच्या शिवम्मा आल्या. त्यांच्या शेडमध्ये अकरा जण जमू लागले होते. त्यांची मंडळी अडतिसावी. त्यांनी तुकडा मागितला.

"नवी कोरी घेऊन देऊ," रविकिरण म्हणाले.

"नवी आमच्या बाजारात बी मिळती, पाळकसाहेब."

रविकिरणनी नाइलाजानं कात्री मागवली. गुणाबाईंनी ती बाजूला सारली.

"चार बोटं देऊन काय करतील? काचंत लावतील. सगळीच ने, शिवम्मा."

"मावशी, मग तुम्ही कुठं बसणार?" रविकिरण म्हणाले.

"खुर्चीत. लई वर्षं तूच म्हणून राहिलास ना, बसा म्हणून?"

उठताना त्यांनी हाताचा पंजा माझ्यावर टेकवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. की मलाच तसं वाटलं?

आज शिवम्मांनी मला शेडमध्ये अंथरलंय. अकरा जण चपला काढून भोवती उभे आहेत.

"पाळीपाळीनं बसा की!" शिवम्मा म्हणतात.

"उमरीची हाय ती," एक म्हातारे मागे सरकतात. "पाय लागंल."

अहो, लागू द्या. आयुष्यभर मला पायच लागलेत, त्यातूनच तर तुमच्यापर्यंत पोचले. शेंगदाण्याची टरफलं सांडा, चहा सांडा, डुलक्या घ्या. पण बसा.