उष्म्याची घात

नीलिमा देशकर नागपूरची एम.एस्सी., आणि एका शब्दावर तिचा भारी जीव होता. शब्द होता 'उष्माघात'.

२००५ चा मे महिना. सावली गावाजवळच्या एका आरोग्य संस्थेत ती दोन महिन्यांच्या उमेदवारीवर आली होती. काम असं, की दरवर्षी चढत चाललेला पारा आणि त्यातून होणारे आजार यांचं शास्त्र गावाला कळेल अशा भाषेत सांगायचं. संस्थेचे सुरेंद्रभाऊ म्हणाले, साधं 'ऊन लागणं' लिही. नीलिमा म्हणाली, त्याला शास्त्रीय वजन नाही. सुरेंद्रभाऊ वाद घालणाऱ्यांतले नव्हतेच. ते परीक्षा घेत. पोस्टर गावात वाचून दाखव, शनिवारी मी येईन, हाती लागतील त्या तिघांना विचारीन. तिघांनी बरोबर सांगितलं तर पोस्टर छापखान्यात आणि प्रमाणपत्र तुझ्या हातात. नाही तर दोन्ही नाही. आणि त्या प्रमाणपत्रावर तर तिच्या पुढच्या नोकरीचा अर्ज अडला होता.

गाव तळ्याकाठचं, मासोळीवर आणि धानावर जगणारं. समाजमंदिरात नीलिमानं मथळा खणखणीत वाचला: 'उष्माघात वेळीच ओळखा!' एक्केचाळीस माना डोलल्या. त्यातल्या तीन डुलकीच्या होत्या, निदान दहा, चहा येणार म्हणून, आणि बाकीच्या पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून. नीलिमानं सगळ्या आपल्या खात्यात जमा केल्या.

विचारलं फक्त गुणाबाईनं. "म्हंजे भर बाराले का, बाई?"

"अगदी बरोबर," नीलिमा हरखून म्हणाली. "बारा ते तीन. तेव्हाच जास्त."

गुणाबाईनं इस्तारीभाऊकडे पाहिलं. तळ्यात जाळं कधी पडायचं हे इस्तारीभाऊच्या शब्दावर ठरे. त्यानं सावकाश मिशी चोळली. पुढचे सगळे मुद्दे नीलिमानं वाचले, पण गावाची मसलत मथळ्यावरच सुरू झाली होती.

गुरुवारी दुपारी ती गावात आली तर गल्लीत चिटपाखरू नाही. सगळं गाव तळ्यात. वर ऊन असं, की तळ्याच्या बांधावरचा, म्हणजे पाळीवरचा दगड हात लावू देईना, आणि खाली गुडघाभर पाण्यात बायामाणसं जाळी ओढताहेत. नीलिमा ओरडली, हे काय चाललंय.

इस्तारीभाऊ तिथूनच समजूत घातल्यासारखा म्हणाला, "तूच तं सांगतलं, बाई. उष्म्याची घात बाराले आहे, वेळीच ओळखा. घात चुकली का मंग हात चोळत बसा."

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. या मुलखात घात म्हणजे कामाची नेमकी वेळ. पेरणीची घात, नांगराची घात. उन्हाळ्यात आटलेलं पाणी तापलं की मासोळी तोंड वर काढते, हे गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक. पण उन्हाच्या धाकानं सगळे सकाळीच आटोपून घेत. आता नागपूरच्या शास्त्रानंच दुपारचा मुहूर्त काढून दिला म्हटल्यावर मागं कोण राहतं?

नीलिमा पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटली. बाहेर या, बाहेर या. तिच्या स्वतःच्या डोक्यावर काही नाही, सकाळपासून पोटात पाणी नाही.

"मासोळी बारालेच वर येते," गुणाबाई जाळं न सोडता म्हणाली. "तुया कागद तिलेबी वाचून दाखव."

यावर नीलिमानं काय उत्तर दिलं ते कुणालाच कळलं नाही, कारण ते इंग्रजीत होतं. मग ती पाळीवरच बसली, आणि बसली ती आडवीच झाली.

चौघांनी तिला आंब्याखाली आणलं. गुणाबाईनं ओलं लुगडं अंगावर टाकलं, बायांनी सुपानं वारा घातला, आणि गावातल्या बिरजूच्या मोटारसायकलवर मध्ये धरून तिला दवाखान्यात पोचवलं. दोन बाटल्या सलाईन चढलं. कॉटवर पडल्या पडल्या तिनं शनिवारचा हिशेब मांडला आणि प्रमाणपत्राच्या नावानं आंघोळ केली.

शनिवारी सुरेंद्रभाऊंनी पहिला गाठला इस्तारीभाऊ. काय समजलं?

"पहिले डोक्शात चक्कर," त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. "आंग तव्यावानी. घाम बंद. मंग मानूस इंग्रजी बोलाले लागते."

"मग काय करायचं?"

"सावलीत न्या, ओलं करा, दवाखान्यात धाडा. आन बाराले तळ्यात जाचंच नाई. आमी आता पहाटंच उतरून राह्यलो."

दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तिसरी गोकुळा, तिनं तर पडून दाखवलं. सुरेंद्रभाऊंनी वहीत तीन खुणा केल्या आणि नीलिमाला म्हणाले, पास. फक्त काय होतं ते गावाला पाठ आहे, त्याला म्हणतात काय ते कुणीच सांगितलं नाही.

नीलिमानं मथळा स्वतःच्या हातानं खोडला. वर लिहिलं, 'ऊन लागते ते असं'. खाली चित्र काढलं, तळ्याच्या पाळीवर आडव्या पडलेल्या एका चष्मेवाल्या पोरीचं.

गुणाबाईनं कागद उलटसुलट करून पाहिला. "पोरी, हिच्या डोक्शावर दुपट्टा तरी टाक. उद्या तुयी सोयरीक जमवाची आहे. सारा तालुका पाहीन."

"उघडंच राहू दे, बाई," नीलिमा म्हणाली, आणि चित्रातला सूर्य थोडा आणखी मोठा केला.