वारा येण्याची बाजू

नालवाडीतलं ते घर रुचिकानं वडिलांसाठी बांधलं होतं. भैय्याजींनी जन्मभर सिंदी रेल्वे या गावी कापडाचं दुकान चालवलं, तेही तापल्या पत्र्याखाली. बायको गेल्यावर दुकान बंद करून ते लेकीकडे आले. रुचिका आर्किटेक्ट. वडिलांचे उरलेले उन्हाळे तरी सुखाचे जावेत म्हणून तिनं या घरात जीव ओतला. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. वर मातीच्या कवेलूंचं छत. पश्चिमेला रुंद खिडक्या आणि छतालगत झरोके. दिवसभर सगळं बंद ठेवायचं, ऊन उतरलं की उघडायचं. रात्रीचा वारा खालून शिरायचा, तापलेली हवा वरून निघून जायची आणि निवलेल्या भिंती दुसरी दुपार निभावून न्यायच्या.

पहिले काही उन्हाळे तसेच सुखाचे गेले. आल्यागेल्याचा हात धरून भैय्याजी भिंतीला टेकवत. "पाहा, मे महिना हाये अन् भिंत कशी लागते! माह्या पोरीनं बांधलं हे."

मग पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटवर त्याच्या मालकानं, हेमराजनं, तीन मजली इमारत उठवली. रस्त्याकडे काचा, आणि एसीची झाडून सगळी यंत्रं रुचिकाच्या खिडक्यांसमोर. संध्याकाळी खिडकी उघडावी तर भट्टीसारखी झळ आत येई.

ती हेमराजकडे गेली. "भाऊ, हे यंत्रं दुसरीकडं नाई लावता येनार का? आमच्याकडं वारा येण्याची बाजू हाये ती."

हेमराज काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला गारव्यात बसवलं, पाणी दिलं. "दुसरीकडं जागाच नाई, मॅडम. खरं सांगू? तुमीबी एक एसी बसवून घ्या. आता त्याच्याबिगर कोन राह्यते?"

तिनं उत्तरेची भिंत फोडून नवी खिडकी काढली, वाळ्याच्या ताट्या बांधल्या. पण त्या वर्षी रात्रीच निवेनात. हेमराजची यंत्रं बंद असली तरी वारा गरमच. एका पहाटे तिनं भिंतीला हात लावला, तर भिंत कोमट लागली. तिचा सगळा हिशेब रात्रीच्या गारव्यावर उभा होता, आणि तो गारवाच उरला नव्हता.

"बाबूजी, कूलर आणते."

"काऊन? लोकं काय म्हनतीन? हिच्या बापालेच कूलर लागते?"

"म्हणू द्या."

"मले नाई होत गरमी, बेटा."

तिनं तरी दुकानात सांगून ठेवलं. दुपारी ती साइटवर असताना माणूस कूलर घेऊन आला. भैय्याजींनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

पूर्वेला शेजारच्या टिनाच्या घरातल्या देवकाबाई ताक द्यायला आल्या, तेव्हा ते जमिनीवर पडलेले होते. अंग तव्यासारखं. म्हातारीनं त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं, आरडाओरडा करून माणसं जमवली.

जीव वाचला. बोलणं मात्र गेलं, आणि ओळखही. डॉक्टर म्हणाले, यापुढे थंड खोलीतच ठेवा.

आठवड्यात रुचिकानं झरोके बुजवले, खिडक्यांना विटा लावल्या. गवंड्याच्या शेजारी उभी राहून तिनं स्वतः सांगितलं, कुठेही फट राहता कामा नये. एसीवाला बाहेरचं यंत्र कुठे बसवायचं विचारू लागला. हेमराजच्या बाजूला आधीच आग, उत्तरेला गल्ली अरुंद, दक्षिणेला दार रस्त्यालाच लागलेलं. उरली पूर्व. तिनं तिकडे बोट दाखवलं.

ती झळ थेट देवकाबाईंच्या दारात जाऊ लागली. त्या भांडायला येतील म्हणून रुचिका वाट पाहत राहिली. मनातून तिला ते हवंच होतं. पण संध्याकाळी देवकाबाई आपली खाट रस्त्याच्या कडेला ओढताना दिसल्या. रुचिका धावली, तिनं दुसरी बाजू उचलली.

"भैय्याजीले आता झोप लागते ना वो?" देवकाबाईंनी विचारलं.

"लागते, मावशी."

"मंग झालं."

दोघींनी खाट नालीच्या काठाशी ठेवली. देवकाबाई आडव्या झाल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. रुचिका तिथेच उभी राहिली.