खंडेनवमीची पाच बोटं

डबा खोटं बोलत होता आणि ते अजून फक्त योगिनीला कळलं होतं.

मिलिंग मशीनवर बसवलेला हा डबा टेबल किती सरकलं ते लाल आकड्यांत दाखवायचा. योगिनीने पहिल्या बोअरचं, म्हणजे कोरलेल्या गोल भोकाचं, केंद्र धरून आकडा शून्य केला, टेबल दोनशे चौदा मिलिमीटर पुढे नेलं आणि परत आणलं. डब्यावर शून्य आलं. पडताळ्यासाठी टेबलाला टेकवलेल्या डायलचा काटा मात्र पॉइंट सतराने बाजूला उभा. तिने पुन्हा केलं. या वेळी पॉइंट बावीस. चूक ठरावीक असती तर वजा करून भागलं असतं. ही रोज उशिराचं नवं कारण सांगणाऱ्या माणसासारखी होती.

टेबलावर दुसरबीडच्या डाळमिलच्या गिअरबॉक्सची बिडाची पेटी आवळलेली होती. एक बोअर झालेला, दुसरा व्हायचा. दोघांमधलं दोनशे चौदाचं अंतर मिलिमीटरच्या दोन शतांशांहून जास्त चुकलं तर आतले गिअर एकमेकांना खाणार, आणि तसली पेटी आता कुठे ओतून मिळत नव्हती. मिल चार दिवसांपासून बंद. पाच वाजता त्यांची गाडी पेटी न्यायला मेहकरच्या या वर्कशॉपवर पोचणार होती. घड्याळात सव्वादोन झाले होते.

आयटीआय करून योगिनी या वर्कशॉपमध्ये लागली त्याला आठ महिने झाले. डबा बसवा म्हणून मालकाचं, अविनाशचं, डोकं तिनेच खाल्लं होतं. बसवून देताना तो एवढंच म्हणाला होता, "एकडाव चुकला का मशीन रामरावकडं आणि तू परत ड्रिलवर."

रामराव पलीकडच्या लेथवर. आठ महिन्यांत ते तिच्याशी दोनदाच सरळ बोलले होते: पहिल्या दिवशी पाण्याचा माठ दाखवताना, आणि एकदा ओढणी फिरत्या चकजवळ गेली तेव्हा. बाकी सगळे टोमणे. योगिनीला ते तारखेनिशी पाठ होते.

"काऊन वं, डब्ब्याले ताप आला काय?" रामरावांनी विचारलं.

"नाडी पाहून राह्यली काका," ती म्हणाली आणि मशीनमागे गेली.

तिथल्या मोजपट्टीवरून फिरणाऱ्या छोट्या डोक्याचे स्क्रू घट्ट होते. मग तिने डब्यामागच्या, दोन पट्ट्यांकडून येणाऱ्या दोन वायरी आपसांत बदलल्या. चूक वायरीबरोबर गेली. वरच्या ओळीतली खालच्या ओळीत आली. म्हणजे डबा निर्दोष. खोट पट्टीत होती. मशीनच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या नळीत काचेची लांब पट्टी असते. ते डोकं तिच्यावरच्या बारीक रेघा उजेडाने मोजतं. रेघा झाकल्या गेल्या की मोजायच्या राहून जातात.

अविनाश मागे येऊन उभा होता. "काय झालं?"

"पट्टी रेघा गाळून राह्यली भाऊ. खोलून पुसावी लागीन."

"अर्धा तास देतो. मंग रामराव हातचाकावर करतीन."

रामरावांनी लगेच हात पुसले. लग्नात पंगतीची हाक ऐकून माणूस जेवढ्या लगबगीने पुसतो तेवढ्या. त्या हातचाकाला पाव फेरा ढिलाई होती. रामरावांना ती तोंडपाठ होती, पण पाठांतर दोन शतांशांपर्यंत पोचत नाही. हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कोणीच नव्हतं.

योगिनीने पट्टीचं टोक उघडलं, डोकं बाहेर काढलं, पांढऱ्या फडक्याला स्पिरिट लावून ते पातळ पातीने आत सरकवलं. फडकं बाहेर आलं ते गुलाबी होऊन.

आधी तिला गंज वाटला. मग तिने फडकं नाकाला लावलं. तेलात कालवलेलं कुंकू.

चार दिवसांपूर्वीची खंडेनवमी. सगळी मशीनं धुतली, झेंडूचे हार घातले, ज्याने त्याने आपापल्या मशीनला कुंकू लावलं. योगिनीला पहिल्यांदाच स्वतःचं म्हणावं असं मशीन होतं. तिने मोटरला लावलं, चाकाला लावलं, डब्याला लावलं, आणि खास प्रेमाने तेलात कालवून पट्टीच्या नळीवर बरोबर मध्यावर पाच बोटं ओढली. काल कूलंटची, म्हणजे हत्यार थंड ठेवणाऱ्या पाण्याची, धार चालू झाली तसं ते कुंकू नळीच्या रबराच्या फटीतून आत उतरलं.

तिने फडकं मुठीत दाबलं.

"काय निघालं?" अविनाशने विचारलं.

"धूळ असंन, दुसरं काय," रामराव परस्पर म्हणाले.

योगिनीने मूठ सोडली नाही. धूळ कोणाच्याच नावावर नसते.

"धूळ असंन तर उद्या पुन्हा जाईन," अविनाश म्हणाला. "मंग या डब्ब्याचा भरोसा कोनं धरावा? रामराव, घ्या तुम्ही."

रामराव दोन पावलं पुढे आले. योगिनीने मूठ उघडली.

"धूळ नाही भाऊ. कुंकू हाय. मीच लावलं होतं."

आठ महिने पुरेल असा टोमणा रामरावांच्या हाती आयता आला होता. ते हसले नाहीत. त्यांनी आपल्या लेथकडे पाहिलं; तिथेही पाच बोटं वाळलेली होती.

"मी बावीस वर्षं लावून राह्यलो," ते अविनाशला म्हणाले. "त्याले डोळा नाही म्हणून निभलं."

अविनाशने घड्याळ पाहिलं. तीन वाजायला आले होते. "आता तूच सांग. डब्ब्यावर करतं का रामरावले देऊ? पेटी गेली तर तुझ्या नावानं गेली."

"आधी डायल लावून पाहते."

तिने आणखी तीन फडकी फिरवली. शेवटचं पांढरंच आलं. डोकं बसवलं, वायरी जागच्या जागी लावल्या, आकडा शून्य केला. टेबल गेलं, आलं. काटा शून्यावर. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा काटा थरथरला आणि योगिनीने वर पाहिलं.

"काका, टेबलावरचा हात काढा."

रामरावांनी हात काढला. काटा शून्यावर आला. पाच वेळा झाल्यावर ती म्हणाली, "डब्ब्यावर करते."

तीन फेऱ्यांत बोअर झाला. तेवढा वेळ चहासुद्धा कोणी मागितला नाही. मोजायला रामरावच बसले. दोन्ही बोअरांत पिना घातल्या, मायक्रोमीटर लावला. पाहिलं, पुसला, पुन्हा लावला.

"किती?" अविनाशने विचारलं.

"दोनशे चौदा, पॉइंट शून्य एक."

अविनाश फोन लावत बाहेर गेला. रामरावांनी मायक्रोमीटर डबीत ठेवला, झाकण लावलं, पुन्हा उघडून उगाच पाहिलं.

"पुढच्या खंडेनवमीले नुसतं मोटरले लावजो," ते म्हणाले आणि लेथकडे वळले.

योगिनीने मनात तिसरं सरळ बोलणं मांडून ठेवलं आणि पेटीचे बोल्ट सोडायला घेतले.